कर्णाचा दोर

लेनाकाठच्या आमच्या गावात
उणे अठ्ठावीसला लोक म्हणतात, आज बरं आहे.
उणे बावन्नला शाळा बंद.
त्यामुळे पुस्तकात एक, दोन, तीन यांना
'नैसर्गिक' म्हटलेलं वाचून
अख्खा वर्ग हसला होता.
आमच्याकडे निसर्ग शून्याखालीच नांदतो,
वर येतो तो फार तर उन्हाळ्यापुरता,
डासांना घेऊन.

मात्र्योना प्रोकोपियेव्ना बाई हसल्या नाहीत.
खुंट्यांवरच्या आमच्या कपड्यांच्या ढिगाकडे
खडूनं दाखवत म्हणाल्या :
अगदी आत अंग. ते एक, दोन, तीन.
त्यावर सदरा. सगळं तेच, फक्त एक बटण जास्त,
शून्याचं. झाल्या पूर्ण संख्या.
मग स्वेटर, उण्यांसकट : पूर्णांक.
मग फरकोट, तुकडे जोडून शिवलेला,
अर्धा, पाव, तीन सप्तमांश : परिमेय.
आणि वरचं घातलं म्हणून आतलं जात नाही रे.
पाच कोटातसुद्धा पाचच असतो.

उद्या घरून एकेक संख्या आणा.
कुठल्या थरातली, तेही सांगा.

जुलुस्ताननं आणले उणे एकेचाळीस,
आजोबा शेवटचं जाळं ओढायला गेले त्या पहाटेचे.
"स्वेटर," तो म्हणाला आणि खाली बसला.
मी आणले दोन तृतीयांश,
वर्षातले बाबा घरी नसतात तेवढे.
सँडाल नेहमीसारखा शहाणा,
त्यानं आणले बारा छेद चार.
"कोट काढ त्याचा," बाई म्हणाल्या,
आणि फळ्यावर तीन उघडाच कुडकुडत उभा राहिला.
कुन्नेयनं आणलं शून्य :
खाणीवर गेल्यापासून भावाचे आलेले फोन.
बाईंनी थर विचारला नाही.
तिच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं फक्त.

आइताल घेऊन आला दोर.
घोड्याच्या केसांचा, गाठीगाठींचा.
त्याचा बाप नोव्हेंबरात नदीतून बर्फ कापायचा,
गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी,
हातभर लांब, हातभर रुंद, चौरस लाद्या.
आइतालनं एका लादीवर
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोर ताणलेला.
"हाताचे दहा भाग केले, बाई,
चौदा भरले, थोडा उरला.
शंभर केले. एकशे एक्केचाळीस, तरी उरला.
हजार करायला घेतले,
तर आईनं दिवा मालवला."
किती उरला, आम्ही विचारलं.
"केसभर."

बाईंनी दोर हातात घेतला. बराच वेळ
तो बोटांतून ओढत राहिल्या, जपमाळ ओढावी तसा.
मग वर्गाचं दार उघडलं, पुढचं ओसरीचं उघडलं,
आणि धुक्याचा पांढरा लोट
फरशीवरून सरपटत थेट आमच्या बुटांशी आला.
"हजार कर, लाख कर," त्या म्हणाल्या,
"हा कुठल्याच कोटात मावायचा नाही.
हा बाहेरचा. अपरिमेय."
"मग खोटा आहे का?"
आइतालचे कान लाल झालेले.
"तू बोटांनी चाललास ना त्याच्यावरून,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत?
मग खोटा कसा?
आपण सगळे कपड्यांतले, आणि ही बाहेरची थंडी,
दोन्ही मिळून वास्तव."
मग ओरडल्या, दार लावा आधी, शेगडी विझेल.

ती लादी आम्ही मार्चपर्यंत चहातून पिऊन टाकली.
दोरानं आइतालच्या घरी वासरू बांधलं,
असं कुन्नेय सांगते. मी पाहिलं नाही.

मी आता याकुत्स्कला पाइपांच्या गोदामात नोंदी ठेवते.
लांबी, रुंदी, तिरका छेद,
सगळं दोन दशांश स्थळांपर्यंत,
पुढचं साहेबांना लागत नाही.
एक पूर्णांक एक्केचाळीस, असं लिहिते,
आणि शेवटच्या एकापुढे
पेन टेकवून थांबते,
केसभर.